न दिसणारं वळण आणि शेजारच्याचा शब्द

आजच्या व्याख्यानाचं पत्रक वाचून मला दोन फोन आले. पहिले माझे जुने सहकारी. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हे मोटारींच्या शर्यतीचं काय काढलंत?" दुसरा माझा विद्यार्थी. त्याचा प्रश्न वेगळाच होता, "सर, आपल्या बालाघाटात अशी रॅली होऊ शकेल का?" पहिल्याचं उत्तर देत देत मी दुसऱ्याकडे येणार आहे.

आधी शब्द साफ करून घेऊ. बीडमध्ये रॅली म्हटलं की झेंडे, मोटारसायकली आणि घोषणा. ती ही नव्हे. शर्यत म्हटलं की यात्रेतल्या बैलगाड्या आठवतात, एकीच्या बाजूनं दुसरी. तशीही ही नाही. रॅलीत गाड्या एकेकट्या सुटतात, ठरावीक मिनिटांच्या अंतरानं. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. भांडण घड्याळाशी असतं.

मार्गाचे दोन प्रकार असतात. काही तुकडे वाहतुकीला बंद केलेले, त्यांना स्पेशल स्टेज म्हणतात. तिथं जिवाच्या आकांतानं गाडी हाणायची आणि लागलेला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला जाणारे रस्ते मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांना खुले असतात. तिथं वाहतुकीचे सगळे नियम पाळायचे आणि नेमून दिलेल्या मिनिटाला चौकीवर हजर व्हायचं. जागतिक नियमांत उशिराच्या दर मिनिटाला दहा सेकंदांचा दंड असतो, आणि लवकर पोहोचलात तर दर मिनिटाला पूर्ण एक मिनिटाचा! म्हणजे खुल्या रस्त्यावर घाई करणाऱ्याला शिक्षा जास्त. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. शेवटी सगळ्या स्टेजचे वेळ आणि दंड यांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला.

अशा अनेक रॅलींचे गुण जोडून वर्षाचा विजेता ठरतो. आपल्याकडे ही राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिका १९८८ मध्ये सुरू झाली. मोटार स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेनं ती चालते. कोइम्बतूर, चिकमगळूर, बेंगळुरू, अरुणाचल अशा ठिकाणी तिच्या फेऱ्या झाल्या आहेत. महाराष्ट्रात नाशिकला 'रॅली ऑफ महाराष्ट्र' या नावानं फेरी होत असे. गाड्याही ओळखीच्याच. जिप्सी, पोलो, एक्सयूव्ही. फक्त आतून बदललेल्या, पोलादी पिंजरा बसवलेल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. या गाडीत दोन माणसं असतात. चालक आणि सहचालक. विजेतेपद दोघांनाही मिळतं. २०१९ मध्ये गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटार स्पोर्ट्समधला तो पहिलाच. त्यांच्या शेजारी बसून राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारे मुसा शरीफ केरळच्या कासरगोड जिल्ह्यातले. पहिलं नाव काहींनी ऐकलं असेल, दुसरं किती जणांनी?

हा सहचालक करतो काय? रॅलीच्या आधी दोघं त्याच मार्गावरून हळू वेगानं जातात. याला रेकी म्हणतात. चालक वळण बघून बोलतो, सहचालक वहीत लिहून घेतो. वळणांना आकडे असतात. बऱ्याच जणांच्या पद्धतीत सहा म्हणजे जवळजवळ सरळ, एक म्हणजे अगदी वळसा. मराठीत सांगायचं तर असं: "शंभर मीटर, टेकाड, पलीकडे लगेच डावं चार, आत दगड, कापू नको." दुसऱ्या दिवशी हे वाचून दाखवायचं. तेही आत्ताच्या वळणाचं नाही, पुढच्याचं. सहचालकाची नजर बराच वेळ वहीत असते, आणि चालक टेकाडापलीकडचा न दिसणारा रस्ता त्याच्या शब्दावर घेतो.

मला यात नवल वाटत नाही, कारण हे मी लहानपणी पाहिलंय. पन्नासेक वर्षांपूर्वी, शिकत असताना, एका पावसाळी रात्री मालट्रकमध्ये बसून मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो. वायपर बंद पडलेला. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे… दाब उजवीकडं… बस्स!" ड्रायव्हर समोर बघतच नव्हता म्हणा ना, तो ऐकत होता. त्या पोराचं वय पंधरा असेल. त्या रात्री आम्हा तिघांचा जीव त्याच्या शब्दावर होता.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून होणारं ज्ञानही खरं ज्ञान, असं नैयायिक म्हणतात. बौद्धांनी शब्दाला वेगळं साधन मानलं नाही. त्यांचं म्हणणं, शेवटी ते अनुमानच. हा वाद शेकडो वर्षं चालला. पण मला महत्त्वाची वाटते ती वात्स्यायनानं केलेली 'आप्त' या शब्दाची व्याख्या. ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो सांगतो. म्हणजे घाटातला क्लीनरही आप्त, आणि सहचालकही.

गंमत पुढेच आहे. सहचालक वाचतो ते शब्द मुळात चालकाचेच असतात. काल शांतपणे बघितलेलं आज वेगात असलेल्या आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतं. वेगात माणसाला स्वतःवर फार विश्वास बसतो. "इतका ब्रेक कशाला?" असं मन म्हणतं. तेव्हा शेजारचा आवाज कालच्या शहाणपणाची आठवण देतो. संसारातही असा एक आवाज शेजारी असतो, आपण तो ऐकतोच असं नाही. असो.

पण शब्दाला मर्यादा असते. रेकी कालची, रस्ता आजचा. मधे पाऊस पडतो, आधीच्या गाड्या खडी उकरून ठेवतात. आणि त्याहून मोठी गोष्ट: वहीत वळणं असतात, माणसं नसतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात याच राष्ट्रीय मालिकेची फेरी चालू होती. बंद केलेल्या मार्गावर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धेतल्या गाडीची तिला धडक बसली. पती, पत्नी आणि मुलगा, तिघंही गेले. रॅली रद्द झाली. दोष कोणाचा, हे ठरवायला मी इथं उभा नाही. मी एवढंच विचारतो: रस्ता बंद आहे हे त्या कुटुंबाला कोणी, कधी, कोणत्या भाषेत सांगितलं असेल? आणि सांगणारा त्यांच्या लेखी आप्त होता का?

जगानंही हे किंमत मोजूनच शिकलंय. १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक दगावले. दोनच महिन्यांनी कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो गाडीसह दरीत कोसळून जळाले. त्यानंतर 'ग्रुप बी' या अतिवेगवान गाड्यांवर पुढच्या वर्षापासून बंदी आली.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. बालाघाटात रॅली होऊ शकेल का? रस्ते आहेत, वळणं आहेत, चढ-उतार तर भरपूर. पाटोदा, आष्टीकडची पोरं स्टिअरिंगला घाबरणारी नाहीत. पण हे रस्ते रिकामे नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या याच रस्त्यांनी ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून, लेकराबाळांसह कारखान्यांकडे जातात. सकाळी दुधाचे कॅन जातात, शाळेची पोरं जातात. कुणाची बाळंतीण आडवेळी दवाखान्याला निघते. स्टेज म्हणजे या लोकांकडून काही तासांसाठी उसना घेतलेला रस्ता.

म्हणून माझं उत्तर असं: होऊ शकेल, पण रेकी गाडीतून सुरू होऊ नये. ती ग्रामसभेपासून सुरू व्हावी. कोणत्या दिवशी, किती ते किती रस्ता बंद, रुग्ण निघाला तर गाड्या कोण थांबवणार, हे वाडीवाडीवर जाऊन तिथल्याच माणसानं सांगावं. प्रत्येक पाऊलवाट जिथं स्टेजला मिळते तिथं उभा राहणारा मार्शल त्याच वस्तीतला असावा, लोक ज्याचं ऐकतात असा. आणि ग्रामसभेनं नको म्हटलं तर तोही शब्द मानावा.

चालकाला टेकाडापलीकडचं दिसत नाही, म्हणून तो शेजारच्याचं ऐकतो. टेकाडापलीकडे राहणाऱ्याला तिकडून येणारी गाडी दिसत नाही. त्यालाही कुणीतरी खरं सांगणारं हवं.

प्रश्न असतील तर विचारा. मी बसून उत्तरं देतो, गुडघे आता ऐकत नाहीत.