हत्याराची जागा

चिपळूण सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की सावर्डे लागतं. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचं आणि तिच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टचं हे गाव. खैरापासून कात काढण्याचा धंदाही या परिसरात चालतो. सुतार, गवंडी, बागायतदार, शिल्पकलेचे विद्यार्थी असे हाताने काम करणारे लोक इथे पुष्कळ. त्या सगळ्यांच्या हत्यारांचा वैरी मात्र एकच, पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे इथे हत्यार कुठे ठेवायचं हा प्रश्न नीटनेटकेपणापाशी संपत नाही. जागा चुकली, तर दिवाळीपर्यंत हत्यार उरणार की नाही, इथपर्यंत तो जातो.

कोकणी माणसाने याची उत्तरं फार पूर्वी शोधली. पहिलं उत्तर त्याच्या कमरेलाच असतं. कोयती हातात धरून कुणी माडावर चढत नाही की गडगा ओलांडत नाही. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला आकडी बांधलेली असते, तिच्यात कोयती अडकवायची. दोन्ही हात मोकळे राहतात, पातं अंगापासून दूर राहतं आणि हात मागे नेला की मूठ न बघता सापडते.

दुसरं उत्तर घरात आहे. लावणी आटोपली की नांगर आणि जू धुऊन पडवीच्या वाशांना टांगायचं. आंबे उतरवायच्या झेल्याची लांब काठी छपराखाली आडवी ठेवायची, नाहीतर ती वाकते. पहार, कुदळ, फावडं जमिनीला टेकू द्यायचं नाही. जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून लोखंड भिंतीला चिकटवून न ठेवता खुंटीवर लटकवायचं, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागतो.

सुताराची पेटी तर सावकाश उघडून बघावी अशी. वाकस, करवत, हातोडी, अंबूर अशी दणकट हत्यारं तळाला. वरच्या खणात गुण्या, खतावणी, पेन्सिल, ओळंब्याचं सूत. पटाश्या जाड कापडाच्या कप्प्यांत एकेक करून घातलेल्या आणि कापड गुंडाळून बांधलेलं, म्हणजे एकीची धार दुसरीवर घासत नाही. रंधा नेहमी कुशीवर. उभा ठेवला की पातं फळीवर टेकतं आणि धार जाते. करवतीच्या दातांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून चढवलेली. कानशी वेगळ्या, कारण एकमेकींवर आपटून त्यांचे दाते बोथट होतात. नवा पोऱ्या कामाला लागला की आधी पेटी भरायला शिकतो. पटाशी रंध्यापासून लांब का, हे कळलं की धार म्हणजे काय हेही त्याला कळलेलं असतं.

गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. तेलाचा पातळ थर हे दोन्ही अडवतो, म्हणून काम संपलं की पातं पुसून तेलाचा बोळा फिरवायचा. पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि ती ओल पात्याला लागते. घट्ट बंद पत्र्याच्या पेटीत ओलं हत्यार टाकणं तर सर्वांत वाईट, कारण आतली वाफ बाहेर पडतच नाही.

शिल्पकाराचं सामान आणखी नाजूक. मातीकामाची लाकडी आणि तारेची हत्यारं लगेच धुऊन सुकवावी लागतात. पत्र्याच्या खरवडणीवर प्लास्टर वाळलं की ते काढताना कडाच बिघडते. दगडाच्या छिन्न्या वेगळ्या, लाकडाच्या वेगळ्या. ब्रश केस वर करून उभे. हौशी माणसानेही एवढं पाळलं, तर सुट्टीच्या दिवसाचा पहिला तास शोधाशोधीत जाणार नाही.

कारखान्यांनी हाच विचार नियमांत बसवला. टूलरूममध्ये कामगार आपल्या क्रमांकाचं पितळी टोकन देऊन हत्यार नेतो आणि ते टोकन हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर लटकतं. हत्यार कुणाकडे आहे, हे भिंतच सांगते. काही ठिकाणी फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की त्याची रिकामी आकृती लांबूनही दिसते. विमानदुरुस्तीत ही मोजणी जिवाशी जोडलेली आहे, कारण इंजिनात राहिलेला एक पाना विमान पाडू शकतो. जपानी कारखान्यांतून जगभर गेलेली सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके ही पाच सूत्रंही तेच सांगतात: नको ते काढा, हवं त्याला जागा द्या, स्वच्छ ठेवा, पद्धत ठरवा, ती रोज पाळा.

ही काळजी किती जुनी आहे, त्याचा पुरावा स्वीडनच्या गोटलंड बेटावर मिळाला. 1936 मध्ये तिथे मास्टरमिर या ठिकाणी एका शेतकऱ्याच्या नांगराला ओकच्या लाकडाची एक पेटी लागली. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग काळातली. तिच्यात आणि तिच्या आसपास सुतारकाम आणि लोहारकामाच्या 200 हून अधिक वस्तू सापडल्या. कुणा कारागिराने आपला सगळा संसार एका पेटीत बसवला होता.

आपल्याकडे या शिस्तीला सणाचंच बळ आहे. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, तर ती आधी बाहेर काढावी लागतात, घासावी लागतात, मोजावी लागतात. पावसाळा सरतानाच हा दिवस येतो, म्हणजे गंज किती चढला हे बघायची वेळही तीच. कुणाकडे उसनी गेलेली करवत आठवते, सैल झालेला दांडा सापडतो. हळद-कुंकवाइतकीच ही झाडाझडती महत्त्वाची आहे, असं मला मनापासून वाटतं. ती वर्षातून एकदा होते, तिला महिन्याची सवय करावी. शाळेच्या कार्यशाळेत मुलांच्या हाती हातोडी देण्याआधी तिची खुंटी दाखवावी, आणि काम संपल्यावर ती तिथे परत गेली की नाही, यालाही गुण द्यावेत. चांगला कारागीर घडवायला याहून स्वस्त धडा मला तरी माहीत नाही.