लिंबूटिंबूंचा बेत

दिवाळीला चार दिवस उरले की अंगणाच्या कोपऱ्यात माती कालवली जाते आणि किल्ल्यावरून वाद सुरू होतात. दरवाजा रस्त्याच्या बाजूला की भिंतीच्या? तळं वर की पायथ्याशी? मोहरी आज पेरायची की उद्या? खरा रायगड ज्या तालुक्यात उभा आहे, त्या महाडातली मुलंही याला अपवाद नाहीत. वाद घालणारी मुलं असतात आठ-दहा वर्षांची. चार वर्षांच्या भावंडाला काम एकच : पाणी आण. ते लिंबूटिंबू. लिंबूटिंबूला खेळात घेतात, बाद करत नाहीत, पण त्याचा डाव मोजतही नाहीत.

अंगणवाडीत येणारी तीन ते सहा वर्षांची सगळीच मुलं या अर्थाने लिंबूटिंबू असतात. त्यांच्यासाठी खेळ असतो; खेळाचा बेत मात्र दुसऱ्या कोणीतरी, बहुधा दूरच्या कार्यालयात, ठरवलेला असतो. हा बेत मुलांकडे सोपवता येईल का?

‘अंगणवाडी’ या नावाची कूळकथा इथे आठवावी. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. बिया, शिंपले, पानं, दगड यांनी त्यांची जागा घेतली. ही काटकसर होतीच, पण तेवढीच नव्हती. या वस्तूंशी काय खेळायचं हे मुलाला आधीच ठाऊक होतं. शिकवणाऱ्याला ते मुलाकडून शिकून घ्यावं लागलं.

1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पसरली. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, वजनं, नोंदी आणि आता मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर यांतून सेविकेला जो वेळ उरतो त्यात खेळ बसवायचा. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आणि 2024 चा ‘आधारशिला’ अभ्यासक्रम, दोन्हींचा भर खेळावर आहे. पण हाताशी तयार वेळापत्रक असलं की दमलेल्या माणसाला तेच सोयीचं वाटतं. यात सेविकेला दोष देण्यात अर्थ नाही.

मुलांना विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ‘आज काय खेळू या?’ असं घोळक्याला विचारलं तर एक मूल ‘गाडी’ म्हणतं आणि बाकीची सगळी ‘गाडी’ म्हणतात. कातकरी वाडीतल्या, घरी कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत विचारलं तर ते बहुधा बाईंच्या तोंडाकडे बघत राहील. तेव्हा तोंडाने विचारण्यापेक्षा हाताने विचारावं. करवंट्या, काजूच्या बिया, चिंध्या, काठ्या मांडून ठेवाव्यात आणि मुलाने आपली वस्तू उचलून जिथे खेळायचं तिथे नेऊन ठेवावी. हाच त्याचा बेत. लंडनमध्ये ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीत मुलं मोठ्यांना आपल्या जागेतून फिरवतात, आवडत्या कोपऱ्यांचे फोटो काढतात. आपल्याकडे फोटो नसले तरी चालेल. मुलाचा हात धरून एक फेरी मारली तरी पुष्कळ कळतं.

अमेरिकेतल्या इप्सिलांटी गावी डेव्हिड वायकार्ट यांच्या शाळेत 1960 च्या दशकात हेच तीन पायऱ्यांत बसवलं गेलं : ठरवायचं, करायचं, मग काय झालं ते सांगायचं. शेवटची पायरी आपल्याकडे सर्वात आधी गळते. खिचडीची वेळ झालेली असते. पण पाच मिनिटं दिली तर ‘मी घर बांधणार होतो, पण पडलं, मग गोठा केला’ असं मूल सांगतं. बेत बदलला हे त्याचं त्यालाच कळलेलं असतं. शिक्षण म्हणून आणखी काय हवं?

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांची अडचण इथे उपयोगी पडते. डोंगरी आणि आदिवासी भागात दीडशे ते तीनशे वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद केली गेली होती. तरुण माणसं मुंबईला, त्यामुळे पटावर मोजकी मुलं. चाळीस मुलांना रोज विचारणं अवघड. आठांना विचारता येतं.

सगळंच मुलांवर सोडायचं नाही, हे सांगायला नकोच. पावसाळ्यात पऱ्ह्याकडे जायचं नाही, दरडीखाली खेळायचं नाही, ही सीमा मोठ्यांनी आखायची आणि आतलं मुलांनी ठरवायचं. या तालुक्यांत दरड हा शब्द हलका नाही. 2005 मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन. 22 जुलै 2021 ला तळिये. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. भीतीतून गेलेलं मूल ती भीती खेळात पुन्हा पुन्हा मांडतं, हे बालमानसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. अशा मुलाने मातीचा ढीग करून करवंटीची घरं त्याखाली गाडली, तर आपला हात पटकन पुढे होतो : असलं खेळू नये. वेळापत्रकात तर त्या आठवड्याला ‘फळे’ असतात. पण ज्या खेळात ढीग कधी कोसळायचा आणि कोणाला बाहेर काढायचं हे मूल स्वतः ठरवतं, तो खेळ थांबवून आपण त्याच्याकडून नेमकं काय काढून घेतो? जवळ बसावं, एखादी करवंटी मागितली तर द्यावी. खेळ रोज तोच राहिला आणि मूल झोपेत दचकू लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघालेली असतील. ती परततील पावसाच्या तोंडावर, आणि त्यांची मुलं अंगणवाडीत येतील तेव्हा बाकीची मुलं त्यांच्यापुढे आठ महिने गेलेली असतील, गाणी पाठ करून. पहिल्या दिवशी या मुलांना गाणं विचारण्याऐवजी ओली माती द्यावी. विटा कशा पाडायच्या, भट्टी कशी रचायची, आत हवेला वाट कुठे ठेवायची, हे त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. त्या दिवशीचा बेत त्यांचा. पाणी बाकीच्यांनी आणायचं.