माग काढणे म्हणजे प्राणी बघणे नव्हे
शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे जुने शिकारीचे रान. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले, पण माग काढणे (खुणांवरून प्राण्याचा वावर ओळखणे) प्राणिगणनेसाठी आजही लागतेच. जंगलात नेलेली मुले विचारतात, "सांबर दिसले का?" दिसलेच पाहिजे असे नाही. दारातली दुधाची पिशवी आणि चपला पाहून शेजारी घरी आहेत का हे कळते, तसेच हे. खुराचा ठसा, लेंड्या, शिंगे घासून सोललेले खोड या सांबराच्या खुणा. चिखलातली लोळण मात्र रानडुकराचीही असू शकते. ठशाची कड धारदार असेल तर तो ताजा, ढासळलेली असेल तर जुना. पण नुसते ठसे मोजून सांबरांची संख्या सांगता येत नाही. एकच सांबर पाण्यावर अनेकदा येते.