गुडघेदुखी ही केवळ वयाची कर नव्हे

पनवेल तालुक्यांतील बेलपाडा हें आमचें गांव. खारघर वसाहतीनें तें आतां वेढलें असलें, तरी येथील वडीलधाऱ्यांचीं शरीरें शेतीनेंच घडविलेलीं आहेत. सायंकाळीं ही मंडळी जमली म्हणजे पूर्वीं पावसापाण्याच्या गोष्टी निघत. आतां पहिला विषय गुडघ्यांचा निघतो, व ‘वय झालें, चालायचेंच’ एवढ्यावर तो संपतो. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यामुळें पुष्कळांची हानि होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यास डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, त्यांत सांध्यांतील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते. परंतु गुडघा म्हणजे गाडीचा आंस नव्हे. तो जिवंत आहे; त्याचें बळ सभोंवतालच्या स्नायूंवर अवलंबून असतें.

हा विकार किती पसरला आहे? पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें 1996 सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाहणीस आरंभ केला. तींत 4092 प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें 18 जणांस सांध्यांचीं वा स्नायूंचीं दुखणीं आढळलीं, आणि शेंकडा सुमारें 6 जणांस हाच विकार होता. हे आंकडे तरुणांसह सर्व प्रौढांचे आहेत. देशांतील पांच ठिकाणच्या, चाळिशीपुढील लोकांच्या, 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत गुडघ्याच्या विकाराचें प्रमाण शेंकडा 28.7 भरलें. जगांत 2020 सालीं सर्व सांध्यांचा मिळून हा विकार सुमारें 59 कोटी 50 लक्ष लोकांस होता.

कारणें पाहूं. वय हें एक कारण खरेंच. पुरुषांपेक्षां स्त्रियांस, विशेषतः पाळी गेल्यावर, हा विकार अधिक होतो. कांहीं घराण्यांत तो वारशानें येतो. जुनी दुखापत व पायांचा बांक हींही कारणें आहेत. शिवाय उकिडवें बसून खुरपणी-कापणी करणें आणि भारे वाहणें, ह्यांचा भार गुडघ्यावरच पडतो. शेवटचें व मोठें कारण म्हणजे शरीराचें वजन.

आमच्या घरचीच दोन उदाहरणें आहेत. आमच्या थोरल्या भगिनीनें चाळीस वर्षें भाताची लावणी केली व भारे वाहिले. तिचे गुडघे श्रमानें थकले. आम्ही महसूल खात्यांत खुर्चीवर बसून वजन वाढविलें. आमचे गुडघे आरामानें बिघडले. नव्या मुंबईसाठीं 1970 पासून आमच्या भागांतील जमिनी गेल्या, श्रम सुटले. पण खाणें पूर्वींचेंच राहिलें. म्हणून शेत सुटलें म्हणजे गुडघे वांचले, असें समजूं नये.

भगिनीनें ‘विश्रांति घ्यावी’ म्हणून दोन वर्षें अंथरूण धरलें. मांड्या सुकल्या, आणि मग तिला आधाराविना उठवेना. आम्हींही तिला उठूं दिलें नाहीं, हा दोष आमचा. पुढें रोज थोडें चालणें व मांडीचा व्यायाम सुरू केल्यावर ती पुन्हां अंगणापर्यंत जाऊं लागली.

वाचकांस सांगणें इतकेंच. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथील 1992 च्या अभ्यासांत, सुमारें 5 किलो वजन घटविलेल्या स्त्रियांत ह्या विकाराचा संभव निम्म्यावर आलेला दिसला. दुसऱ्या एका अभ्यासांत, 1 किलो वजन घटलें कीं प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें 4 किलोनें घटतो, असें आढळलें. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, दहा मोजीपर्यंत धरावा व खालीं घ्यावा. असें दहा वेळां दोन्ही पायांनीं करावें. खुरपणीस शक्य तेथें लांब दांड्याचें अवजार घ्यावें, बसण्यास पाट ठेवावा, आणि भारे लहान करावे. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मतानें महिनोन् महिने घेऊं नयेत. त्यांनीं जठरास व मूत्रपिंडास अपाय होतो.

सांधा लाल होऊन तापला, ज्वर आला, किंवा सकाळचा ताठरपणा तासभर टिकला, तर विकार निराळा असूं शकतो; मग डॉक्टरांस दाखविण्यास विलंब लावूं नये.

जमिनीची निगा ठेवणारा शेतकरी बांध फुटण्याची वाट पाहत नाहीं. गुडघ्यासही तोच न्याय लावावा.