दोन अधोल्यांची साक्ष

‘पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पण पायली किंवा अधोली हातात घेऊन पाहिली आहे का? गावाकडच्या घरी माळ्यावर, जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत एखादे माप पडलेले असण्याचा बराच संभव आहे. असे एक साधे भांडे आपल्या घराचा आणि गावाचा केवढा इतिहास सांगू शकते, याचा मला आलेला अनुभव आज तुम्हाला सांगतो.

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सुप्यापासून फार लांब नाही. गेल्या उन्हाळ्यात घरातील जुनी भांडी मोडीत द्यायचे ठरले. त्यांत दोन पितळी अधोल्या निघाल्या. एक उभट, एक पसरट. पितळेच्या भावाने त्यांचे चार पैसे आले असते. पण मनात प्रश्न आला, की एकाच घरात एकाच मापाची दोन भांडी कशाला? आणि माप एकच, तर आकार दोन का?

मापांची उतरंड

पूर्वी आपल्याकडे धान्य वजनावर नव्हे, तर मापावर देत-घेत. पाव शेराचे चिपटे, अर्ध्या शेराचे मापटे, मग शेर. दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. पायलीच्या वर मण आणि वीस मणांची खंडी. मण मात्र कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळा. खळ्यावर मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि मग दोन, तीन असे पुढे जायचे.

तुम्ही म्हणाल, शेर म्हणजे किती? येथेच खरी गंमत आहे. वजनाचा शेर सरकारने बांधून दिला होता. १८३३ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा तोळा ठरवला. तो आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम भरतो. अशा ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. पण मापाचा शेर गावोगाव, पेठेपेठेला बदलत असे. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वजनमापांची माहिती दिलेली आहे, ती अवश्य वाचा. म्हणून तुमच्या घरातील मापाचा शेर किती, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा ते मापच अधिक खात्रीने सांगेल. त्याला विचारायचे कसे, एवढेच ठाऊक हवे.

मापाला प्रश्न

मी दोन्ही अधोल्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेल्या. आधी रिकामे भांडे तोलले, मग काठोकाठ पाणी भरून तोलले. पाण्याच्या एका ग्रॅमचे घनफळ एक घन सेंटिमीटर धरले, की वजाबाकीतून भांड्याचे घनफळ मिळते. दोन्ही भांड्यांत २,४०० घन सेंटिमीटरच्या आसपास पाणी बसले. फरक दहा घन सेंटिमीटरही नव्हता. म्हणजे आमच्या गावचा शेर सव्वा लिटरला थोडा कमी, १.२ लिटरचा!

मला हायसे वाटले. कारण आजोबा पेरणीच्या वेळी गरजूंना बियाण्याचे धान्य द्यायचे आणि सुगीला सवाईने, म्हणजे सव्वापट, परत घ्यायचे. ‘आजोबांनी मापात कधी पाप केले नाही,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दोन्ही मापे सारखी निघाली, तेव्हा ते खरेच ठरले, असे मी समजलो.

पण रात्री लक्षात आले, की धान्य म्हणजे पाणी नव्हे. पाणी काठाशी थांबते. धान्य काठाच्या वर शंकूसारखे रचता येते. या वरच्या ढिगाला ‘शीग’ म्हणतात. उत्सुकता ‘शिगेला’ पोहोचते, ती हीच शीग. आणि धान्य देताघेताना माप शिगेसकट मोजायची रीत होती.

शिगेचे गणित

ज्वारीचा ढीग केला, की त्याचा उतार सुमारे ३० अंशांवर स्थिर होतो. त्याहून जास्त चढ झाला, की दाणे घरंगळतात. म्हणून शिगेची उंची भांड्याच्या त्रिज्येच्या सुमारे ०.५८ पट होते. शंकूचे घनफळ काढायचे सूत्र तुम्हाला येतेच. उभट अधोलीचा आतला व्यास १२ सेंटिमीटर आहे. तिची शीग येते सुमारे १३० घन सेंटिमीटर. पसरट अधोलीचा व्यास १८ सेंटिमीटर. तिची शीग सुमारे ४४० घन सेंटिमीटर! त्रिज्या दीडपट झाली, की शीग दीडाच्या घनाइतकी, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मापे ज्वारीने शिगेपर्यंत भरून तीन-तीन वेळा तोलली. सरासरी आली ती अशी: उभटात १ किलो ८९० ग्रॅम, पसरटात २ किलो १२० ग्रॅम. फरक बारा टक्के.

आता समजा, उभट मापाने दिले आणि पसरट मापाने घेतले, तर? सव्वापटीला आणखी १.१२ ने गुणा. उत्तर १.४. नाव सवाईचे आणि वसुली जवळजवळ दिढीची! आणि दोन्ही मापे पाण्याने तपासली, तर निर्दोष.

माणसांची साक्ष

पण हे ‘समजा’ झाले. गणित काय शक्य होते ते सांगते. काय घडले, ते माणसेच सांगू शकतात. गावात नव्वदीच्या घरातल्या एक आजी आहेत. त्यांच्या माहेरचे लोक आमच्याकडून बियाणे नेत. मी दोन्ही अधोल्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि मुद्दामच एवढेच विचारले, “आजी, ही कशाकशाला वापरायची?”

त्यांनी पसरट अधोलीवरून हात फिरवला. म्हणाल्या, “देताना उभी, घेताना पसरट. पर तुजा आजा एकलाच न्हाई रं बाबा, समदेच तसं करायचे. आन् दुष्काळात त्यानंच दारात धान्य बी टाकलं.”

एका साक्षीवर भिस्त ठेवू नये, म्हणून दुसऱ्या वस्तीवरील एका वृद्ध गृहस्थांनाही तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला. उत्तरही तेच आले.

आमच्याच भागात, सुप्याच्या बाजारात, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर चौकशी झाली, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. १९३२ साली मुंबई प्रांतात वजनमापांचा कायदा झाला. पण खळ्यावरच्या धान्याच्या देवघेवीचा कागदच होत नसे. तिचा पुरावा या दोन भांड्यांच्या आकारात तेवढा उरला होता. एप्रिल १९६२ पासून वजनांत मेट्रिक पद्धत सक्तीची झाली आणि पुढे अशी मापे माळ्यावर गेली.

आमच्या अधोल्या आता मोडीत जाणार नाहीत. दोन्हींत एकेक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर व्यास, घनफळ, शिगेसह वजन आणि त्या दोघांचे शब्द लिहिले आहेत. घरात एक-दोघांना ते रुचले नाही. पण आजोबांनी दुष्काळात दिलेले धान्यही त्याच चिठ्ठीत लिहिलेले आहे.

तुम्हीही घरातील एखादे जुने माप शोधा. आधी ते मोजा, मग गॅझेटियर वाचा आणि शेवटी वडीलधाऱ्यांना विचारा. पण उत्तर आपणच सुचवू नका. तोवर एक उदाहरण सोडवा: घनफळ तेच ठेवून पसरट अधोलीचा व्यास २० सेंटिमीटर केला असता, तर सवाईची वसुली किती पट झाली असती?