आधी लेन्स, मग कॅमेरा : नेदरलँड्समधील प्रवासछायाचित्रण

नेदरलँड्सच्या प्रवासासाठी कॅमेरा घेताना बहुतेकांचे लक्ष प्रथम बॉडीवर, म्हणजे लेन्स वगळून उरणाऱ्या मूळ यंत्रावर खिळते; परंतु तेथे काय पाहायचे आहे आणि ते किती अंतरावरून व कोणत्या उजेडात दिसणार आहे, हे लक्षात घेतल्यास निवड लेन्सपासून सुरू करणेच श्रेयस्कर ठरते.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्याच्या एका काठावर उभे राहून पलीकडच्या काठावरचा रस्ताही धरला तर समोरच्या घरांच्या दर्शनी भिंती साधारण ४० मीटरवर येतात. दृश्याचा विस्तार लेन्सच्या नाभीय अंतरावर अवलंबून असतो आणि ते जितके कमी, तितके दृश्य रुंद. प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ‘फुल फ्रेम’ असेल, तर २८ मिलिमीटरची लेन्स एवढ्या अंतरावरून सुमारे ५० मीटर रुंदीची रांग सामावून घेते, आणि कॅमेरा सरळ धरूनही घरांचे माथे व पाण्यातील प्रतिबिंब ही दोन्ही चौकटीत मावतात. कॅमेरा सरळ धरण्याला येथे विशेष महत्त्व आहे. कारण वर ओढले जाणारे सामान भिंतीला घासू नये म्हणून यांतील अनेक घरे मुळातच रस्त्याकडे किंचित झुकती बांधलेली आहेत, आणि कॅमेरा वर कलवला की भिंती मागे कलल्याचा भास होऊन हे वैशिष्ट्यच छायाचित्रातून नाहीसे होते.

लिस परिसरातील ट्युलिपच्या शेतांत याच्या उलट घडते. जमीन सपाट असल्यामुळे रुंद लेन्समध्ये फुले क्षितिजालगतची एक बारीक रेघ होऊन बसतात आणि बाकी चौकट आभाळच व्यापते. ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्सने मात्र दूरचे लाल-पिवळे पट्टे एकमेकांवर रचल्यासारखे जवळ येतात. शेते खाजगी असल्याने आत न शिरता बांधावरूनच छायाचित्र घ्यावे, हे सौजन्यही अशा लेन्समुळे सहज पाळता येते.

या दोन गरजा ठरल्या की बॉडीचा प्रश्न बराच सोपा होतो. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये जाहीर केलेल्या ‘मायक्रो फोर थर्ड्स’ पद्धतीत सेन्सर सुमारे १७ बाय १३ मिलिमीटरचा असल्याने १४ मिलिमीटरची छोटी लेन्स फुल फ्रेमवरील २८ मिलिमीटरइतकेच दृश्य दाखवते, आणि बॉडीसह दोन लेन्स खांद्यावरच्या लहान पिशवीत मावतात. कमी उजेडात मोठा सेन्सर सरस ठरतो हे खरे. तथापि सायकलवरून आणि पायी पाहण्याच्या या देशात जड कॅमेरा दुपारनंतर पिशवीतून बाहेरच निघत नाही.

हाती धरता येणाऱ्या कॅमेऱ्याचे मोल चित्रकार जॉर्ज हेंड्रिक ब्राइटनर (१८५७–१९२३) यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८८९ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळलेल्या ब्राइटनर यांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या रस्त्यांवरील पादचारी, घोडे आणि बांधकामे चालत्या स्थितीत टिपली, आणि हे काम तिकाटण्यावरच्या अवजड कॅमेऱ्याने होण्यासारखे नव्हते.

त्यांची चित्रे असलेल्या रेइक्सम्युझियममध्ये फ्लॅश आणि तिकाटणे दोन्ही वर्ज्य असल्यामुळे लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, निर्णायक ठरते : एफ ४ च्या तुलनेत एफ १.८ या मोठ्या छिद्रातून जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो. म्हणून दोहोंपैकी निदान रुंद लेन्स तरी एवढ्या मोठ्या छिद्राची असावी, मग तिच्यात झूमची सोय नसली तरी चालेल.