वाढते वय आणि डोळ्यातील प्रतिमेची स्पष्टता
चाळिशी लागली की चष्मा घेतला जातो. परंतु वयाचा परिणाम तेवढ्यापुरता मर्यादित नसतो. तरुण डोळ्यात पारपटलाचे प्रकाशीय दोष नेत्रभिंग बऱ्याच अंशी भरून काढते. वयानुसार हा समतोल बिघडत जातो, हे पाब्लो आर्ताल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. शिवाय भिंग पिवळसर होते, त्यात प्रकाश विखुरतो आणि बाहुली लहान होते. परिणामी साठीत दृष्टिपटलावर विशीच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. चष्म्याने प्रतिमा दृष्टिपटलावर नीट केंद्रित होते. प्रकाशाचे विखुरणे मात्र थांबत नाही. म्हणून योग्य चष्मा असूनही ज्येष्ठ अध्यापकांना सायंकाळी उत्तरपत्रिका वाचणे जड गेल्यास तो त्यांचा निष्काळजीपणा समजू नये. त्यांना भरपूर, पण डोळ्यांवर न येणारा उजेड मिळावा. अंधुकपणा वाढल्यास मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी.